दोन तोरणांच्या मधला नाला

माझं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायका माझ्या नशिबाचं कौतुक करत होत्या. माहेर आणि सासर यांच्यामध्ये फक्त एक नाला होता. नाल्याच्या या काठावर एक गाव, त्या काठावर दुसरं. इकडे कुत्रं भुंकलं की तिकडे ऐकू जायचं. "तुले काय व माय, भाजीत मीठ कमी पडलं तं माहेरून मागून आनशीन," असं शेजारची एक म्हातारी मला म्हणाली होती. स्वतः जन्मभर सासर भोगलेल्या बाईनं असं म्हणावं याचा मला अजून राग येतो. सासरच्या गुरांच्या कोठ्यामागे मी गोवऱ्या थापत असताना नाल्यापलीकडे बाबांच्या घरावरची कवेलू दिसायची, आणि तिथे जायला मात्र सासूची परवानगी लागायची. ती मिळायची सणाला, तीही मिळाली तर. लांब दिलेल्या मुली बऱ्या. त्यांना निदान माहेर रोज दिसत तरी नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती. बाबांनी मला आणि त्यांच्या गुरांना सारख्याच रीतीनं वाढवलं. म्हणजे दोघांना वेळेवर खायला घातलं आणि दोघांशीही फारसं बोलले नाहीत. पण माया होती. लग्नात त्यांनी मला एक गवळाऊ गाय आंदण दिली. आमच्या वर्धेकडची ही जात, पांढरी, लांबट तोंडाची, चालायला चपळ. ही माझ्यासमोर बाबांच्या कोठ्यात जन्मलेली होती आणि तिच्या डोळ्यांत सदानकदा संशय असायचा. सासरी भांडी सासूच्या ताब्यात, दागिने सासूच्या पेटीत, आणि नवरा तर मुळातच सासूचा. गाय तेवढी माझी होती. दुसऱ्या कोणी आचळाला हात लावला की ती लाथ झाडायची, त्यामुळे घरातल्यांनाही तिला माझीच म्हणावं लागायचं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट, पहिलं मतदान होऊन गेल्यानंतरची. त्या वर्षी दिवाळी झाली आणि अल्लीपूरच्या बाजाराला जाऊन आलेले लोक बुळकांडीच्या गोष्टी सांगू लागले. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. आधी ताप चढतो, डोळे गळतात, तोंडात फोड येतात, मग जुलाब लागतात आणि भरलेला कोठा बघता बघता रिकामा होतो. वडीलधाऱ्यांनी ती एकदा पाहिली होती. माझे सासरे एरवी कशाला न घाबरणारे. पण बुळकांडीचा विषय निघाला की ताटावरून उठायचे. बैल गेले तर माणसानं जुवाखाली मान द्यायची का, असा त्यांचा प्रश्न असायचा.

मग दोन्ही गावांनी गाव बांधायचं ठरवलं. आमच्याकडे ती जुनी रीत होती. दोन्ही गावांचा भुमका, म्हणजे गावदेवाचा पुजारी, एकच होता. तो गोंड म्हातारा आमच्या गावाच्या कडेला राहायचा, घरात गोंडी बोलायचा आणि आमच्याशी आमच्यासारखं. त्यानं आधी आमचं गाव बांधलं, मग नाला उतरून माझं माहेर. गावाभोवती कच्च्या सुताचा धागा फिरवला, वाटांवर कडुनिंबाच्या डहाळ्यांची तोरणं बांधली आणि सगळी गुरं त्या तोरणाखालून आत घेतली. एकदा गाव बांधलं की आतलं कोणी बाहेर जायचं नाही, बाहेरचं कोणी आत यायचं नाही. जातं बंद, बैल जुंपायचा नाही, दिवसा चूल पेटवायची नाही. एरवी ही बांधणी एका दिवसाची असायची. त्या वर्षी भीती इतकी होती की भुमका सोडेपर्यंत ती सोडायची नाही असं गावानं ठरवलं, आणि भुमका केव्हा सोडेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वावरात कापूस फुटून पांढरा झाला होता आणि सगळं गाव घराघरांत शिळं खात बसलं होतं. दिवसभर एका घरात इतकी माणसं बसली की कोण कोणाला किती आवडतं ते लगेच कळतं. मी कोणाला आवडत नव्हते.

बांधणीचा एक नियम सगळ्यांत कडक होता. आतलं एखादं जनावर लागलं, म्हणजे आजारी पडलं, तर त्याला कोणी हात लावायचा नाही. लांब बांबूनं हाकलत त्याला तोरणाबाहेर काढायचं. ते जाताना गावाची पीडा घेऊन जातं, असं मानायचे.

एका सकाळी मी दूध काढायला गेले तर माझी गाय मान खाली घालून उभी होती आणि तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी पदरानं ती पुसायला गेले, तेवढ्यात मागून सासरे ओरडले.

"हात नोको लावू!"

"आताच तं लाळ सुटली, मामाजी. पाहा तं खरं काय झालं ते."

"पाहाचं काय त्यात? लाळ गळून राह्यली, आंग तापलं असन. बाहीर काढा लागते तिले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता आणि खांबाकडेच पाहत होता. दूध त्यालाही लागायचं, पण बोलायला तोंड लागतं. सासऱ्यांनी बांबू घेतला. गाय नाल्याकडच्या तोरणापर्यंत गेली आणि तिथे थबकून मागे वळली. मला शोधत होती. सासऱ्यांनी बांबूचं टोक तिच्या पुठ्ठ्यात खुपसलं आणि ती धडपडत काठ उतरून नाल्याच्या रेतीत गेली.

मी तोरणापाशी धावत आले तेव्हा सासू मागून म्हणाली, "पाय बाहीर टाकशीन तं गाव सुटेपर्यंत वापस येता येनार नाई. मंग म्हनजो नोको का सांगतलं नाई."

मी पाय बाहेर टाकला. गाईच्या मायेपोटी टाकला असं लोक पुढे सांगत आले आणि मी त्यांना सांगू दिलं. माया होतीच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. समोर नाला होता, नाल्यापलीकडे बाबांचं घर होतं, आणि मला परवानगी मागावी लागली नव्हती. मी गाईचं दावं धरलं आणि तिला म्हटलं, "चाल व माय, आपल्या घरी जाऊ." इतक्या मोकळ्या मनानं मी कधीच चालले नव्हते.

माहेरच्या काठावरही तोरण होतं हे मला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्यांसाठी आहे असं मी धरून चालले होते. तोरणाखाली राखणीला पाळीपाळीनं माणसं बसायची. नेमकी बाबांची पाळी होती. डोक्याला दुपट्टं गुंडाळून ते उकिडवे बसले होते. मी चढण चढू लागले तसे ते उठून उभे राहिले. मला वाटलं, हात द्यायला उठले.

"तथीच थांब, माय."

"बाबा, मी व्हय."

"दिसते मले. वर नोको येऊ."

"गाय लागली म्हून काढून देली त्याईनं. म्या बी आली मंग."

बाबांनी गाईकडे पाहिलं. लाळ तिच्या छातीपर्यंत ओघळली होती. त्यांचा चेहरा मी नीट पाहत होते, कारण मला अजूनही वाटत होतं की ते आता बाजूला होतील. ते झाले नाहीत. उलट हातातली काठी त्यांनी वाटेवर आडवी धरली. माझ्यावर उगारली नाही, नुसती आडवी धरली.

"मागं फिर," ते म्हणाले.

"मागं कुठी फिरू? तथलं बी बंद हाय मले."

"अथी माही एकट्याचीच गुरं नाईत, बाई. साऱ्या गावाची हायेत. उद्या एखादं मेलं तं लोक म्हनतीन, ह्याच्या पोरीनं आनलं."

"ही तुमच्याच कोठ्यातली हाय बाबा."

"मले नाई मालूम का?" ते इतक्या जोरानं ओरडले की गाय दचकली. मग त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचं रडणं मला पाठीवरून कळत होतं. पण काठी तशीच आडवी होती.

बाबांचं बरोबर होतं, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. मी परत नाल्यात उतरले.

नाल्याच्या मधे रेतीचा एक उंचवटा होता. तिथे एक जुनं बाभळीचं झाड होतं आणि कोणीतरी टरबुजाच्या वाडीसाठी कधीतरी बांधलेली खोपडी होती, तिच्यावरचा पाला उडून गेलेला. तिथे मी आणि गाय राहिलो. दोन्ही काठांवरून आम्ही दिसायचो, आणि मला दोन्ही घरं दिसायची. सासू रोज तोरणाखालून भाकरी आणि भिजवलेले चणे फडक्यात बांधून खाली फेकायची, आणि फेकताना शिव्या द्यायची. बाबा पलीकडून गूळ आणि घोंगडी ठेवून जायचे, न बोलता. मी दोघांचंही खाल्लं. उपाशी राहून कोणाला धडा शिकवावा इतकी अक्कल माझ्यात नव्हती, आणि भूक तर लागायचीच.

गाय लंगडू लागली तेव्हा मी तिचा पाय उचलला. खुराच्या बेचक्यात फोड फुटून लाल झालेलं होतं. मग तोंड उघडून पाहिलं, जिभेवरचं सालडं निघालेलं. पण हगवण नव्हती. ही खुरी होती. खुरकूत म्हणा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही खुरी ओळखता येते. जनावर वाळतं, दूध जातं, पण मोठं जनावर सहसा मरत नाही. एरवी कोणीही आधी खूर उचलून पाहिला असता. त्या दिवशी कोणी पाहिला नाही, कारण लागलेल्या जनावराला हात लावायचा नव्हता. जिथे हात लावल्याशिवाय कळतच नाही तिथे हात लावायला बंदी. मी रेतीत बसून एकटीच हसले आणि मग मला रडू आलं.

मी सासरच्या काठाखाली जाऊन ओरडले, "खुरी हाय! बुळकांडी नोय, खुरी हाय!" सासऱ्यांनी ऐकलं. "सुटल्यावर पाहू," म्हणाले. पलीकडे जाऊन बाबांना सांगितलं. त्यांच्या तोंडावर एकदम उजेड आला, ते गावात पंचांना विचारायला धावत गेले आणि हळूहळू परत आले. बांधणी सुटल्याशिवाय नाही.

दोन्ही गावांत मोकळा फिरणारा एकच माणूस होता, तो भुमका. सकाळी या तोरणाला पाणी शिंपडायचा, मग नाला ओलांडून त्या तोरणाला. एकदा मी त्याची वाट अडवली.

"आजा, तुमीच बांधलं ना हे? मंग तुमीच सोडा. माह्या गाईले खुरी हाय, या, खूर पाहा."

म्हातारा वाकला, खूर पाहिला, आणि बराच वेळ पाहतच राहिला. "खुरीच व्हय," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय, बाई? बांधाचं त्याईनं सांगतलं, म्या बांधलं. आता म्या म्हनलं सोडा, अन् एखादा बैल मेला, तं मले त्या निंबाले बांधून मारतीन. तू पोरगी हायेस, तुले नुसतं बाहीर ठेवलं." पाण्याचा गडवा सावरत तो समोरच्या काठाकडे निघून गेला.

मी चिडले होते, पण तो खोटं बोलत नव्हता.

त्यानंतर गुरांचा सरकारी डॉक्टर आला. रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून, सोबत बर्फात ठेवलेली लस घेऊन. माणूस तरुण, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. बुळकांडी यायच्या आत गावातल्या धडधाकट जनावरांना टोचायचं म्हणून तो गावोगाव फिरत होता. आमच्या गावानं त्याला तोरणावरूनच परत फिरवलं. माझ्या माहेरानंही फिरवलं. दोन्हीकडून हाकललेला तो नाल्यात माझ्यापर्यंत आला आणि मला पाहून बिचकला. त्याला वाटलं असावं, ही कोणीतरी वाळीत टाकलेली बाई आहे. तसं ते अगदीच चूक नव्हतं.

त्यानं गाईचं तोंड पाहिलं, खूर पाहिले. खुरकूत, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यानं लाल दवेची पुडी दिली, विहिरीत टाकतात ती, आणि पाण्यात कालवून जखमा धुवायला सांगितलं. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी सरकारी मानूस. तुमी सांगतलं तं ऐकतीन. हिले घेऊन आत जाऊ द्या म्हना ना."

तो गोंधळला. मग म्हणाला, "बाई, खूर वाळेपर्यंत हिला कुठल्याच गावात नेऊ नका. हा रोगही लागतो. सगळ्या गुरांना होईल. इथेच ठेवा."

म्हणजे भुमक्याच्या बांधणीचा जो नियम होता तोच डॉक्टरनं सांगितला. भुमक्यानं पाणी शिंपडलं, यानं लाल पुडी दिली. मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी पुडी फेकून देणार होते. फेकली नाही, कारण गाईचे खूर दुखत होते.

डॉक्टर भला होता. मला एकटीला तिथे सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं. "गाय इथे राहू द्या, तुम्ही माझ्या रेंगीत बसा, हिंगणघाटला माझी बायको आहे, तिथे चार दिवस राहा," असं तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. दोन्ही काठांवर माणसं उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मी त्याच्या रेंगीत बसले असते तर पुढे बांधणी सुटली काय आणि न सुटली काय, मला दोन्ही तोरणं कायमची बंद झाली असती. मी मान हलवली. तो गेला. रेंगी दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत होते. तेव्हा मला कळून चुकलं की आपण पुरत्या अडकलो आहोत. बाबांना गावानं धरलं होतं, भुमक्याला भीतीनं, डॉक्टरला त्याच्या विद्येनं. बांधलेली नव्हते ती मी एकटी, आणि मला जायला जागा नव्हती.

मग मी गाईच्या मागे लागले. रोज तिला नाल्याच्या ओल्या रेतीत उभी करायची, लाल पाण्यानं खूर धुवायची, किडे पडू नयेत म्हणून सीताफळीचा पाला चेचून बेचक्यात भरायची. कडबा तिला चावत नव्हता, म्हणून काठावरचं कोवळं गवत उपटून आणायची आणि तिच्या ओठाशी धरायची. ती ते तोंडात घेऊन नुसती उभी राहायची, मग दुखलं की टाकून द्यायची. मी तिला शिव्या दिल्या, सासूला येतात तितक्या सगळ्या. जे थोडं दूध उतरायचं ते पिळून रेतीत सोडावं लागायचं, नाहीतर कास दगड होईल. दूध रेतीत मुरताना पाहायची मला सवय झाली. संध्याकाळी दोन्ही गावांत दिवे लागायचे. मी घोंगडीत गुरफटून गाईच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि कुठल्याच दिव्याकडे पाहायची नाही.

हळूहळू ती चघळू लागली. एका सकाळी तिनं माझ्या हातातलं गवत ओढून घेतलं आणि वर आणखी मागितलं. खूर वाळले. नाक पुन्हा ओलं झालं, आणि डोळ्यांतला तो जुना संशय परत आला. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. आम्ही जगलो होतो. दोन्ही काठांवरच्या लोकांनी ते पाहिलं. बुळकांडी आमच्याकडे त्या खेपेला आलीच नाही. तोरणामुळे आली नाही, की येणारच नव्हती, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले.

बांधणी सुटली तेव्हा भुमक्यानं आधी सासरचं तोरण उतरवलं, मग नाल्यातून जाऊन माहेरचं. जाताना माझ्याकडे पाहून त्यानं हात जोडले. मी जोडले नाहीत.

सासू काठावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येतं का आता? कापूस गळून राह्यला वावरात!" एवढंच म्हणाली. जिवंत आहेस का, असं विचारायचं तिच्या मनात आलं नाही, किंवा दिसतच होते म्हणून विचारलं नसेल.

आणि पलीकडून बाबा खाली उतरले. तोरण सुटताच ते पळतच आले असावेत, त्यांना धाप लागली होती. हातात गुळाचा मोठा खडा होता. माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चाल माय, घरी चाल. आठ दिवस राह्य. व्याह्याले मी सांगतो, कोनी काई म्हननार नाई तुले."

लग्न झाल्यापासून मी याच शब्दांची वाट पाहत होते. घर समोर होतं, वाट मोकळी होती.

"म्या तथी जाते, बाबा," मी म्हटलं आणि सासरच्या काठाकडे बोट दाखवलं.

"काऊन व?"

"ते मले आत घेतीन असं म्या कधी समजलीच नवती. तुमी घ्यान असं समजली होती."

बाबांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं. हातातल्या गुळाचं काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो गाईपुढे धरला. गाईनं हात ओळखला. ती गूळ चाटू लागली, आणि बाबा नकळत एकेक पाऊल मागे सरकले तशी त्यांच्यामागे माहेरच्या चढणीकडे निघाली. मी दावं ओढलं. तिनं मान ताठ केली. पुन्हा ओढलं, तर तिनं खूर रेतीत रोवले, मी रोज धुतलेले ते खूर, आणि बाबांच्या घराकडे तोंड करून हंबरली.

बाभळीखाली एक फोक पडला होता. मी तो उचलला आणि तिच्या पाठीत घातला. आजवर मी तिला कधी मारलं नव्हतं.

"मारू नोको तिले, माय," बाबा म्हणाले.

मी दुसरा घातला. मग ती वळली आणि मुकाट्यानं सासरची वाट चालू लागली.